पहिला बार डाव्या नळीचा

बाहेरगावचे शिकारी म्हणायचे की इवाओ-सान बंदूक उलटी चालवतात. हे ऐकलं की इवाओ-सान खूश व्हायचे.

दुनळीच्या उजव्या नळीचं तोंड मोकळं असतं, डावीचं आवळलेलं. आवळलेल्या तोंडाला चोक म्हणतात. चोक जितका घट्ट, तितके छर्रे लांबपर्यंत एकत्र राहतात. सगळं जग आधी उजवी नळी उडवतं, कारण पक्षी पायाशी उठतो आणि लांब जातो. मग दुसरा बार लांबचा, तो डावीचा. इवाओ ओकाबायाशी आयुष्यभर आधी मागचा चाप ओढत आले, म्हणजे पहिला बार डाव्या नळीचा. आमच्या तोसाच्या डोंगरात पक्षी लांब जात नाही, अंगावर येतो. कुत्र्यानं वरच्या रानात यामादोरी हा डोंगरी फेझंट उठवला, की तो लांब शेपटीचा तांबडा नर पंख आवळून ओढ्याच्या वळणांनी खाली सुटतो. खाली पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला "आला" म्हणण्याइतकाच वेळ मिळतो. पहिला बार तीस-पस्तीस मीटरवर, दुसरा डोक्यावर. म्हणून डाव्या नळीत पाच नंबरचे जाड छर्रे आणि उजवीत साडेसातचे बारीक. काडतुसं ते घरी स्वतः भरायचे. विकतच्या काडतुसांना ते "दवाखान्यातलं जेवण" म्हणायचे.

माझं नाव तोमोए. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून माहेरी परत आले आणि वडिलांच्या बंदुका दुरुस्तीच्या दुकानात कानस हातात घेऊन बसले. त्याला आता एकतीस वर्षं झाली. मी अठ्ठावन्न वर्षांची आहे, तरी इवाओ-सान मला "पोरी" म्हणतात. ते शहात्तर वर्षांचे. डोंगरातून लाकडं खाली आणणाऱ्या तारेच्या पाळण्यावर त्यांची सगळी नोकरी गेली. बोलायला फटकळ, हाताला स्थिर, आणि स्वतःच्या नेमाबद्दल इतके गर्विष्ठ की माझे वडील त्यांना तोंडावर सांगायचे, "इवाओ, तुझ्यापेक्षा तुझी बंदूक नम्र आहे."

त्यांच्याबरोबर दर हिवाळ्यात एकच माणूस डोंगरात जायचं. त्यांची बायको, फुसाए-सान. त्या गोमा नावाच्या कुत्रीला घेऊन वरून ओढ्यात उतरायच्या, पाण्यातून खाली चालत यायच्या आणि पक्षी नवऱ्याकडे हाकायच्या. खाली नवरा भरलेली बंदूक घेऊन उभा, वर बायको. दोघांत एकच नियम होता. देवदारांच्या शेंड्यांच्या खाली बार उडवायचा नाही. मागे आकाश दिसलं तरच चाप. बायको ओढ्याच्या तळाशी आणि बार आकाशात, मग भीती कसली? चाळीस वर्षं भीती नव्हतीच.

आता माझी चूक सांगते, म्हणजे पुढचं समजेल.

मागच्या वर्षी ऑक्टोबरात इवाओ-सान बंदूक घेऊन आले. "पोरी, ही डावीकडे मारतेय गं. लाकूड फिरलं असेल." आम्ही नेमबाजीच्या मैदानावर गेलो, कागद टांगला आणि त्यांनी पाच बार काढले. खरंच, छर्ऱ्यांचा घोस मधल्या खुणेच्या वीतभर डावीकडे पडत होता. मी दुकानात आले, दस्त्याच्या मानेवर तापलेलं तेल ओतत बसले, पकडीत घालून तो आठ मिलिमीटर उजवीकडे वाकवला. अक्रोडाचं जुनं लाकूड तडकेल म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता. तडकलं नाही. पुन्हा कागद टांगला, तर घोस बरोबर मधोमध. मी इतकी खूश झाले की पैसेही कमीच लावले. साठ वर्षं न फिरलेलं लाकूड आताच का फिरावं, हे मी स्वतःला विचारलंच नाही. बंदूक तपासली, माणूस तपासला नाही. आमच्या धंद्यात हीच खोड असते.

या वर्षी ऑक्टोबरात फुसाए-सान एकट्याच बसनं आल्या. पिशवीत युझूची फळं होती. एवढी आंबट फळं घेऊन कोणी उगाच येत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

"तोमोए, आमच्या ह्यांची बंदूक नीट करून दे ना," त्या म्हणाल्या. "त्यांना न सांगता."

"मागच्याच वर्षी केलीय की. काय झालं?"

त्यांनी दाराकडे पाहिलं, डोक्याचा रुमाल मागे सारला आणि डाव्या कानामागचे केस वर उचलले. "हात लाव."

मी हात लावला. कातडीखाली एक कण होता, टणक, बोटाखाली सरकणारा. छर्रा ओळखायला मला चष्मा लागत नाही.

"कधी?"

"फेब्रुवारीत, हंगामाच्या शेवटच्या दिवशी. डॉक्टर म्हणाले, हाडाला टेकलाय, त्रास देत नसेल तर राहू दे."

"आणि इवाओ-सान काय म्हणाले?"

"त्यांना कुठं माहितीय? मी म्हटलं, बांबूच्या पात्यानं कापलं."

मी कानस आपटली. मला राग आला की मी वस्तू आपटते. "फुसाए-सान, तुम्हाला वेड लागलंय का? हे पोलिसांना कळवायला लागतं! आणि तुम्ही आकाशात कशा गेलात? बार शेंड्यांच्या वर असतो ना?"

त्यांनी रुमाल पुन्हा कानावर ओढला. मग पोरीनं चोरी कबूल करावी तशा म्हणाल्या, "मी पाण्यात नव्हतेच. गुडघा ऐकत नाही आता. बर्फाळ दगडांवर पाय सरकतो. मी डाव्या कड्यावरच्या पायवाटेनं येते. दोन वर्षं झाली."

ती पायवाट मला माहीत आहे. धबधब्याला वळसा घालून ती देवदारांच्या शेंड्यांच्या उंचीनं जाते. इवाओ-सान तळाशी उभे राहून शेंड्यांच्या वर बार काढत होते आणि त्यांची बायको शेंड्यांच्या वरून चालत होती.

"मग चूक माझीच ना?" त्या म्हणाल्या. "त्यांना कशाला सांगायचं? बंदूक डावीकडे मारते, तेवढी सरळ कर. मी पुन्हा पाण्यातून चालेन."

"आणि तुम्हाला नाही चालवलं तर? त्यापेक्षा शिकारच बंद करा म्हणावं त्यांना."

"त्यांचा पाय मोडला होता त्या हिवाळ्यात तू त्यांना पाहिलं नाहीस. भिंतीकडे तोंड करून पडून असायचे, जेवायलाही उठायचे नाहीत." त्यांनी माझा हात धरला. त्यांचा हात थंड होता. "शपथ घे, त्यांना सांगणार नाहीस."

मी शपथ घेतली. का घेतली, हे मला आजही नीट सांगता येत नाही. एक तर त्या माझ्या आईच्या मैत्रीण. दुसरं म्हणजे लाकूड मीच वाकवलं होतं.

पुढच्या आठवड्यात पोलीस चौकीतून नेहमीचा फोन आला. बंदूकवाल्या प्रत्येकाची वर्षातून एकदा चौकशी होते. घरात भांडणं आहेत का, दारू वाढलीय का, वागणं बदललंय का. "ओकाबायाशी-सानचं काही विशेष?" असं चौकीतल्या तरुण पोरानं विचारलं. "विशेष काही नाही," मी म्हणाले.

हंगाम पंधरा नोव्हेंबरला उघडतो. त्याआधी एकच गोष्ट माझ्या हातात होती. काडतुसांची नवी दारू आलीय, तुमच्या डाव्या नळीत कशी बसते बघू, अशी थाप मारून मी इवाओ-सानना मैदानावर नेलं. कागद टांगला. त्यांनी सावकाश गाल टेकवला, पाच बार काढले आणि पाचही मधोमध पडले.

"बघ! तुझं लाकूड अजून सरळ आहे. पोरी, तू बापापेक्षा बरी निघालीस."

"आता असं करा," मी म्हणाले. "बंदूक कमरेला. मी टाळी वाजवली की उचला आणि लगेच मारा. पक्षी काय कागदासारखा टांगून राहतो?"

"मला शिकवतेस?"

"घाबरलात?"

एवढं पुरे होतं. मी टाळी वाजवली. पहिला घोस बरोबर. दुसऱ्या टाळीला घोस अर्धा मीटर डावीकडे, कागदाच्या कडेला. तिसरा तसाच. चौथा पुन्हा बरोबर. बंदूक नेहमी डावीकडे मारत असती, तर कुठे उभं राहू नये हे तरी कळलं असतं. ही कधी इकडे मारत होती, कधी तिकडे.

मी समोर जाऊन उभी राहिले आणि एक डोळा मिटला. "इवाओ-सान, बंदूक ठेवा. दोन्ही डोळे उघडे ठेवून माझ्या डोळ्याकडे बोट करा."

त्यांनी बोट केलं. उजव्या हाताचं ते बोट त्यांच्या डाव्या डोळ्यासमोर उभं होतं. चाळीस वर्षं उजव्या डोळ्यानं नेम धरणारा माणूस आता डाव्यानं पाहत होता. उजव्या बाहुलीत मला दुधासारखी साय दिसली.

"मोतीबिंदू आहे," मी म्हणाले.

"तपासणीत पास झालोय. दाखला बघ हवा तर."

"पास व्हालच. डावा डोळा चांगला आहे, कायद्याला तेवढं पुरतं. पण बंदूक उजव्या खांद्यावर आहे! सावकाश नेम धरला की उजवा डोळा कसाबसा काम करतो, घाई झाली की डावा मध्ये घुसतो. तुमचा घोस कुठं जाईल ते तुम्हालाही ठाऊक नाही. डाव्या खांद्यावरून मारा, मी दस्ता बदलून देते. नाहीतर शस्त्रक्रिया करा आणि हा हंगाम सोडा."

त्यांचा चेहरा लाल झाला. "डाव्या खांद्यावरून? सत्तरी उलटल्यावर डाव्या हातानं जेवायला शिकवशील का? घोस डावीकडे गेला तर गेला, पक्षी सुटेल. मी आकाशात मारतो, पोरी. आकाशात कोण असतं?"

माझ्या जिभेवर आलं होतं. फुसाए-सानचा थंड हात आठवला आणि मी ते गिळलं. त्याची मला अजून लाज वाटते.

"पंधराला सकाळी सातला ये," ते बंदूक पिशवीत घालत म्हणाले. "माझ्या मागे उभी राहा. मग बोल."

मी गेले. आदल्या दिवशी फुसाए-सानना फोन करून तीनदा विचारलं, पाण्यातून चालणार ना? "हो गं बाई, पाण्यातून." बुटांना खिळे लावलेत का? "लावलेत." गुडघा कसा आहे? "छान आहे." छान आहे म्हणणाऱ्या बायकांवर मी तेव्हापासून विश्वास ठेवत नाही.

सकाळी ओढ्यावर धुकं होतं. इवाओ-सान त्यांच्या ठरलेल्या दगडावर, घोट्याएवढ्या पाण्यात उभे. मी त्यांच्या मागे हातभर अंतरावर. वर धबधब्याचा आवाज, आणि त्यापलीकडून गोमाच्या गळ्यातली घंटा कधी ऐकू यायची, कधी नाही. त्यांनी दोन काडतुसं काढली, डावीत पाच नंबर, उजवीत साडेसात, आणि बंदूक मिटली. तो खटका मी हजारदा ऐकला असेन, पण त्या दिवशी दचकले.

"श्वास हळू घे," ते न वळता म्हणाले. "पक्षी ऐकतो."

पंधरा मिनिटं गेली. माझे पाय बधिर झाले. धुकं हळूहळू वर उचललं आणि देवदारांचे शेंडे मोकळे झाले. मी पक्ष्याकडे लक्षच देत नव्हते. मी ओढ्याच्या तळाशी दगड न् दगड शोधत होते, फुसाए-सानचा नारिंगी सदरा कुठे दिसतो का म्हणून. दिसला नाही.

घंटा थांबली. घंटा थांबली म्हणजे कुत्रीला वास लागला आणि ती जागच्या जागी गोठली. इवाओ-सानचे खांदे बारीकसे वर आले. मी नजर वर नेली, उगाचच, डाव्या कड्याकडे. दोन झाडांच्या फटीत, शेंड्यांच्या उंचीला, काहीतरी नारिंगी हललं.

फुसाए-सान पायवाटेवर होत्या.

इवाओ-सानना त्या दिसणं शक्य नव्हतं. ते ओढ्याच्या वळणाकडे बघत होते, जिथून पक्षी येणार होता. वर पंखांचा फडफडाट झाला, फुसाए-सानची शिट्टी वाजली, आणि वळणावरून तो सुटला. पंख मिटलेले, शेपूट सरळ, धुक्याच्या वर, आकाशात. नियमाप्रमाणे अगदी मारण्याजोगा. बंदूक खांद्याला गेली. मागून मला त्यांचा गाल दिसत होता. तो दस्त्यावरून केसभर उचलला गेला, डोकं उजवीकडे कललं. डावा डोळा मध्ये घुसला होता. बोट मागच्या चापावर.

मारणाऱ्याच्या बंदुकीला हात लावायचा नसतो. वडिलांनी मला तेवढं एकच मारून शिकवलं होतं.

"फुसाए-सानच्या कानामागे तुमचा छर्रा आहे!" मी ओरडले.

बार झाला नाही. यामादोरी आमच्या डोक्यावरून गेला, त्याच्या वाऱ्यानं माझे केस हलले, आणि खालच्या वळणावर दिसेनासा झाला.

इवाओ-सान तसेच उभे होते, बंदूक खांद्याला लावून, रिकाम्या आकाशाकडे रोखून. मग त्यांनी ती खाली घेतली, उघडली, दोन्ही काडतुसं काढून खिशात टाकली. हात स्थिर होते. "काय म्हणालीस?"

मी सगळं सांगितलं. फेब्रुवारी, बांबूचं पातं, डॉक्टर, युझू, शपथ, पायवाट. मी भरभर बोलत होते आणि रडत होते. त्यांनी एकदाच वर कड्याकडे बघितलं. नारिंगी रंग आता झाडांतून खाली उतरत होता, दर पावलाला थांबत, एका पायावर जोर देत. चालण्यावरूनच कळत होतं की गुडघा किती दुखतोय. त्यांनी तो गुडघा दोन वर्षं पाहिला नव्हता, कारण ते नेहमी पक्ष्याची वाट बघत असायचे.

आधी गोमा आली, भिजलेली, शेपूट हलवत. मग फुसाए-सान आल्या. "का नाही मारला हो? एवढा मोठा नर! शेपूट पाहिलीत का?" त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि त्या थांबल्या. माझ्याकडे ज्या नजरेनं त्यांनी बघितलं, ती नजर अजून तशीच आहे. त्या दिवसापासून त्या माझ्या दुकानात आल्या नाहीत. रस्त्यात भेटल्या तर मान लववतात आणि पुढे जातात.

इवाओ-सान पाण्यातून चालत त्यांच्यापाशी गेले. बंदूक उघडीच हातावर होती. ती त्यांनी दगडावर ठेवली. माझ्या आठवणीत त्यांनी बंदूक कधी ओल्या दगडावर ठेवली नव्हती. बायकोची टोपी काढली, केस बाजूला केले आणि कानामागे बोट टेकवलं. आयुष्यभर छर्रे चिमटीत घेऊन काडतुसं भरणारं ते बोट. ते हळूच मागे-पुढे फिरलं.

"पाच नंबर," ते म्हणाले.

फुसाए-साननी टोपीसाठी हात पुढे केला.

"डाव्या नळीचा. पहिला बार." त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "दुखतं का?"

"नाही. थंडीत थोडं."

आजूबाजूला सगळीकडे थंडीच होती. इवाओ-सान त्या घोटाभर पाण्यात मटकन खाली बसले. माझ्या वडिलांच्या मयतालासुद्धा ताठ उभा राहिलेला तो माणूस पाण्यात बसून राहिला, आणि फुसाए-सान घाईघाईनं वाकल्या, दुखऱ्या गुडघ्यावर टेकल्या, त्यांचा खांदा हलवायला लागल्या.

"अहो, ऐका ना," त्या त्यांची समजूत घालत म्हणाल्या. "पण त्या दिवशी पक्षी पडला होता की नाही? किती छान पडला होता."